आर्थर सेंट क्लेअर : वाबाशकाठच्या पराभवाचा दोष नेमका कोणाचा?

दप्तरदार (धागाकर्ता)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून पुढे राजकारणात गेलेल्या माणसांची चर्चा निघाली की वॉशिंग्टन, हॅमिल्टन आणि मन्रो यांच्यापाशीच ती थांबते. आर्थर सेंट क्लेअरचे नाव निघालेच, तर ते ४ नोव्हेंबर १७९१ च्या एका सकाळपुरते निघते. त्या सकाळी वाबाश नदीकाठी त्याच्या सैन्याचा मायामी, शॉनी आणि डेलावेअर योद्ध्यांनी धुव्वा उडवला. सुमारे चौदाशेंच्या फौजेपैकी सहाशेहून अधिक सैनिक ठार झाले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढायांत अमेरिकन लष्कराची एवढी हानी पुढे कधीच झाली नाही. १८७६ साली लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या पलटणीतले २६८ जण पडले, त्यावरून या प्रसंगाची तीव्रता लक्षात येईल.

हा माणूस मूळचा स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील थर्सो गावचा. १७५७ मध्ये तो ब्रिटिश सैन्यात शिरला, लुईबर्ग आणि क्वेबेकच्या मोहिमांत लढला, १७६२ मध्ये राजीनामा देऊन पश्चिम पेनसिल्व्हेनियातील लिगोनिअर खोऱ्यात त्याने मोठी जमीन घेतली आणि तेथे तो न्यायदंडाधिकारी झाला. १७७४ मध्ये व्हर्जिनियाच्या वतीने पिट्सबर्गवर हक्क सांगायला आलेल्या जॉन कॉनली याला त्याने सरळ हॅनास्टाउनच्या तुरुंगात टाकले होते. कागदावरचा अधिकार प्रत्यक्षात बजावायचाच, हा त्याचा स्वभाव मला तेथेच दिसतो. युद्ध सुरू झाल्यावर तो बंडखोर वसाहतींच्या बाजूने उभा राहिला, ट्रेंटन आणि प्रिन्स्टनच्या लढायांत होता आणि १७७७ च्या फेब्रुवारीत मेजर जनरल झाला. १७८७ मध्ये तो काँग्रेसचा अध्यक्ष होता आणि त्याच वर्षी ओहायो नदीच्या वायव्येकडील विस्तीर्ण प्रदेशाचा पहिला गव्हर्नर म्हणून त्याची नेमणूक झाली.

माझे मत असे आहे, की वाबाशच्या पराभवाचा मोठा वाटा फिलाडेल्फियात बसलेल्या युद्धखात्याचा आणि कंत्राटदारांचा आहे. तरीही एक प्रश्न मला सुटत नाही. वॉशिंग्टनने १७९२ मध्ये त्याच्याकडून सेनापतिपद काढून घेतले, पण गव्हर्नरपदावर त्याला तसेच ठेवले आणि तो तेथे आणखी दहा वर्षे राहिला. हे योग्य झाले का? जाणकारांनी लिहावे.

सह्याद्रीपुत्र

विषय उत्तम निवडला आहे. न्यूयॉर्कमधला टिकाँडेरोगाचा किल्ला न लढता सोडणारा सेंट क्लेअर तो हाच ना? तसे असेल, तर वाबाशच्या आधीही त्याच्या नावावर एक डाग होता. तो वगळून दोष कोणाचा हे कसे ठरवणार?

मृगनक्षत्र

होय, तो हाच. पण त्याला डाग म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जून १७७७ मध्ये त्याच्याकडे किल्ला आला तेव्हा जेमतेम तीन हजार माणसे होती आणि तटबंदी मात्र त्याच्या कितीतरी पट शिबंदीसाठी बांधलेली होती. समोरून ब्रिटिश सेनापती बर्गॉइन सात हजारांहून अधिक सैन्य घेऊन येत होता. किल्ल्यासमोरच्या माउंट डिफायन्स या टेकडीवर तोफा चढणार नाहीत असे सगळे धरून चालले होते. ब्रिटिशांनी वाट फोडून त्या चढवल्या आणि आता आपण तोफांच्या थेट माऱ्यात आहोत हे सेंट क्लेअरला कळले. ५ जुलैच्या रात्री त्याने किल्ला रिकामा केला.

लोक खवळले. ब्रिटिशांनी चांदीच्या गोळ्या छावणीत डागल्या आणि त्या वेचून सेंट क्लेअर आणि त्याचा वरिष्ठ स्कायलर यांनी किल्ला विकला, अशी अफवा गावोगाव पसरली. १७७८ च्या कोर्ट मार्शलने मात्र त्याला सर्व आरोपांतून सन्मानाने मुक्त केले. वाचवलेले ते सैन्य मागे हटून उत्तरेकडच्या फौजेला मिळाले आणि त्याच बर्गॉइनला १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगाला शरण यावे लागले. किल्ला लढवला असता तर माणसेही गेली असती आणि किल्लाही गेला असता. ज्या निर्णयाने नाव जाते पण फौज वाचते तो निर्णय घ्यायला वेगळे धैर्य लागते. सेनापती म्हणून त्याने केलेले हे सर्वात मोठे काम आहे, असे मी म्हणेन.

रसदवाला

मी लष्कराच्या पुरवठा विभागात नोकरी केली आहे. त्यामुळे १७९१ च्या मोहिमेची कागदपत्रे वाचताना माझे लक्ष लढाईआधीच्या महिन्यांकडेच जाते.

सेंट क्लेअरला तीन हजार माणसे मिळायची होती आणि जुलैच्या सुमारास कूच व्हायचे होते. प्रत्यक्षात खरी हालचाल सप्टेंबरात सुरू झाली, म्हणजे गवत वाळायला लागल्यावर. शेकडो घोडी आणि बैल असलेल्या फौजेसाठी ही एकच गोष्ट मोहीम बुडवायला पुरेशी असते, कारण चारा संपला की जनावर बसते, जनावर बसले की पीठ पोहोचत नाही, आणि पीठ पोहोचले नाही की माणसे रात्री छावणी सोडून जातात. ओझ्याची खोगिरे घोड्यांच्या पाठीवर बसत नव्हती, कारण ती फार मोठी होती. तंबू गळत होते. बंदुकीची दारू निकृष्ट होती. जंगलातून गाडीवाट तोडत जायचे होते आणि कुऱ्हाडींची पाती नरम होती. क्वार्टरमास्टर म्हणजे पुरवठा अधिकारी सॅम्युएल हॉजडन बराच काळ आघाडीपासून दूरच राहिला. धान्याचे कंत्राट विल्यम ड्युअरकडे होते. सरकारने दिलेला पैसा त्याने सट्टेबाजीकडे वळवला आणि मार्च १७९२ मध्ये तो स्वतःच बुडाला तेव्हा न्यूयॉर्कचा बाजारही त्याच्याबरोबर कोसळला. युद्धमंत्री हेन्री नॉक्स हा याच ड्युअरचा मेनमधल्या जमिनींच्या व्यवहारात भागीदार होता. मंत्री आणि कंत्राटदार असे एका ताटात जेवत असतील, तर जाब कोण विचारणार?

आता परिणाम पाहा. ३१ ऑक्टोबरला मिलिशियातली, म्हणजे हंगामी नागरी सैन्यातली, साठेक माणसे पळाली. ती मागून येणारा रसदीचा तांडा लुटतील या भीतीने सेंट क्लेअरला आपली सर्वात कसलेली पहिली रेजिमेंट मागे पाठवावी लागली. चार दिवसांनी हल्ला झाला तेव्हा ती रेजिमेंट रणांगणावर नव्हती. रसद चोख असती, तर ती तेथे असती.

खंडेराय

रसदवाला, तुमच्या माहितीबद्दल आदर आहे, पण मी सहमत नाही. खोगिरे मोठी होती म्हणून पहारे कमी ठेवावेत असे कोणी सांगितले होते? शत्रूच्या मुलखात सहा आठवडे कूच करणाऱ्या सेनापतीला शत्रू किती आहेत आणि कोठे आहेत याची खबर नसावी, हे अक्षम्य आहे. चिकसॉ जमातीचा प्रमुख पिओमिंगो वीसेक माणसे घेऊन मदतीला आला होता. त्याला ऑक्टोबरच्या अखेरीस लांबच्या टेहळणीवर पाठवले गेले, म्हणजे तोही वेळेला हजर नव्हता. ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मिलिशियाला नदीपलीकडे वेगळे उतरवले आणि छावणीभोवती चर किंवा लाकडांचा आडोसा करायचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलले. तो दुसरा दिवस उजाडायच्या आत हल्ला झाला. सकाळची कवायत आटोपून शिपाई शेकोट्यांकडे वळले होते, एवढी अचूक वेळ समोरच्यांनी साधली.

सेनापती आजारी होता हे खरे आहे. गाउटमुळे (सांधेदुखीच्या विकारामुळे) त्याला कूच करताना डोलीतून न्यावे लागत होते. पण मग त्याने मोहिमेचे नेतृत्व दुसऱ्याकडे द्यायला हवे होते.

मृगनक्षत्र

खंडेराय, टेहळणीबाबत एक गोष्ट तुमच्या मांडणीतून सुटली आहे. आदल्या रात्री कॅप्टन स्लॉ एक लहान तुकडी घेऊन बाहेर गेला होता. जंगलात मोठ्या संख्येने योद्धे सरकत असल्याचे त्याने पाहिले आणि परत येऊन दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी रिचर्ड बटलर याला सांगितले. बटलरने ती खबर सेंट क्लेअरपर्यंत पोहोचवलीच नाही, आणि सकाळी तो स्वतःही मारला गेला. सेंट क्लेअर प्रत्यक्ष लढाईत मात्र मागे राहिला नाही. दुखऱ्या पायांनी तो रांगांमधून फिरत होता, त्याच्या घोड्यांना गोळ्या लागल्या, कपड्यांतून गोळ्या गेल्या आणि शेवटी वेढा फोडून उरलेल्यांना बाहेर काढणारी चढाई त्याच्याच हुकमाने झाली.

खंडेराय

व्यक्तिगत शौर्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याशी ज्याचे बोलणे नीट होत नाही, त्या सेनापतीकडे त्या बेबनावाचीही जबाबदारी जाते.

ओहायोवासी

गेली अनेक वर्षे मी ओहायोत राहतो. ही लढाई झाली ती जागा म्हणजे आजचे फोर्ट रिकव्हरी हे इंडियानाच्या सीमेजवळचे छोटे गाव. तेथे संग्रहालय आहे, लाकडी गढीची प्रतिकृती आहे आणि पडलेल्यांच्या स्मरणार्थ उंच स्तंभ आहे. पाहणाऱ्याला सर्वात चकित करते ती वाबाश नदी, कारण पुढे एवढी मोठी होणारी ही नदी तेथे अगदी अरुंद प्रवाह आहे. मिलिशियाला ‘नदीपलीकडे’ ठेवले असे वाचताना मोठे पात्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हल्ला सुरू होताच ती माणसे काही मिनिटांत पाणी तुडवत मुख्य छावणीत घुसली आणि तिथली शिस्तही त्यांनी मोडली. शिवाय छावणीत सैनिकांच्या बायका, मुले आणि इतर बाजारबुणगे मोठ्या संख्येने होते. पानिपत वाचलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

सिनसिनाटी शहराला ते नाव १७९० मध्ये सेंट क्लेअरनेच दिले, हेही येथे नोंदवतो. त्याआधी त्या वस्तीला लोसँटिव्हिल म्हणत. स्वातंत्र्ययुद्धातील अधिकाऱ्यांच्या ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ या संघटनेचा तो सदस्य होता.

अरण्यवाट

इतक्या प्रतिसादांत एक बाजू जवळजवळ आलीच नाही. दोष कोणाचा हे शोधताना आपण असे धरून चाललो आहोत, की सेंट क्लेअरने चुका केल्या नसत्या तर तो जिंकला असता. समोर मायामींचा लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट आणि डेलावेअरांचा बकाँगाहेलास होते. वेगवेगळ्या जमातींचे हजाराहून अधिक योद्धे त्यांनी एकत्र आणले, फौजेच्या मार्गावर आठवडे आठवडे नजर ठेवली, अर्धचंद्राकार फळी पसरून छावणीला वेढले आणि आधी तोफांवरचे गोलंदाज टिपले. त्यांची स्वतःची हानी फार थोडी झाली. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १७९० मध्ये, त्यांनी जनरल हार्मरलाही परतवले होते. अशी आखणी एखाद्या युरोपीय सेनापतीने केली असती, तर तिच्यावर लष्करी विद्यालयांत व्याख्याने झाली असती.

आणि ते का लढत होते? जानेवारी १७८९ मध्ये फोर्ट हार्मर येथे जो तह झाला तो गव्हर्नर म्हणून सेंट क्लेअरनेच घडवून आणला. ज्यांच्या जमिनी जायच्या होत्या त्यांतल्या अनेक जमातींना तो मान्य नव्हता. म्हणजे त्याच्यातल्या राजकारण्याने जे पेरले ते त्याच्यातल्या सेनापतीसमोर उभे राहिले. धागाकर्त्यांनी सैनिक आणि राजकारणी असे त्याचे दोन भाग केले आहेत, ते मला म्हणूनच पटत नाहीत.

दप्तरदार

अरण्यवाट, हा मुद्दा फार मोलाचा आहे. गव्हर्नर हाच मूळ रहिवाशांशी व्यवहार करणारा अधीक्षक आणि १७९१ मध्ये तोच सेनापती, अशी एकाच माणसाकडे तीन कामे दिली गेली होती. त्यातल्या एका कामातले अपयश दुसऱ्यात उतरणारच होते.

कलमकायदा

मी व्यवसायाने वकील आहे. अमेरिकन प्रतिनिधिगृहाने सरकारी कारभाराची केलेली पहिली मोठी चौकशी ही याच पराभवाची होती. २७ मार्च १७९२ रोजी गृहात ठराव आला. चौकशी राष्ट्राध्यक्षांनी करावी अशी आधी सूचना होती, ती फेटाळून गृहाने स्वतःची समिती नेमली आणि तिला माणसे आणि कागदपत्रे बोलावण्याचा अधिकार दिला. समितीने युद्धखात्याकडे मूळ कागद मागितले तेव्हा वॉशिंग्टनने मंत्र्यांना बोलावून विचारले, की हे द्यायचे का. जेफरसन आणि हॅमिल्टन एरवी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसत, पण या बैठकीत दोघेही एका मतावर आले : गृहाला मागण्याचा अधिकार आहे, मात्र जे उघड केल्याने देशाचे नुकसान होईल ते कागद राखून ठेवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला आहे. प्रत्यक्षात वॉशिंग्टनने कागद दिले. आजही अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यात कागदांवरून वाद झाला, की वकील या बैठकीपर्यंत मागे जातात.

समितीने मे महिन्यात अहवाल दिला. सैन्यउभारणीचा उशिरा मंजूर झालेला कायदा, कंत्राटदारांचा गलथानपणा, क्वार्टरमास्टरचे दुर्लक्ष आणि भरती झालेल्यांची अननुभवी अवस्था ही कारणे त्यात होती. सेंट क्लेअरवर ठपका नव्हता. नॉक्स आणि हॉजडन यांनी तक्रार केल्यावर विषय पुन्हा समितीकडे गेला, निष्कर्ष फारसे बदलले नाहीत, पण गृहाने अहवालावर शेवटचा ठराव कधीच केला नाही. त्यामुळे तो निर्दोष ठरला खरा, पण त्यावर गृहाची मोहोर कधी उमटली नाही.

सह्याद्रीपुत्र

या माहितीसाठी मनापासून धन्यवाद. हे अजिबात ठाऊक नव्हते.

भीमथडी

थोडे अवांतर, पण संबंध खरा आहे. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला तेव्हा वॉशिंग्टनच्या छावणीत सेंट क्लेअरही होता. दहा वर्षांनी, १७९१ मध्ये, हे दोघेही जगाच्या दोन टोकांना रसदीच्या एकाच संकटात सापडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला, पण बैल मेले, धान्य संपले आणि वेढ्याच्या तोफा स्वतःच्या हाताने निकामी करून त्याला माघार घ्यावी लागली. त्या माघारीत मेलकोट्याजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भरलेला बाजार घेऊन त्याला भेटली आणि त्याचे सैन्य तरले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये टिपूने तह केला आणि कॉर्नवॉलिस विजयी ठरला. सेंट क्लेअरला वाटेत भेटणारे हरिपंत तात्या नव्हते. म्हणून मी रसदवाला यांच्या बाजूने आहे.

खंडेराय

भीमथडी, नोंद सुंदर आहे. पण कॉर्नवॉलिसने मराठ्यांशी आणि निजामाशी आधीच तह करून ठेवला होता, म्हणून ती फौज तेथे आली. मित्र जोडणे हेही सेनापतीच्या कामातच येते.

चावडीवाचक

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे गव्हर्नरपदाकडे, वळतो. माझ्या मते त्याचे खरे अपयश तेथे आहे आणि त्याला ना ड्युअर जबाबदार आहे, ना बटलर.

१३ जुलै १७८७ रोजी संमत झालेल्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने गव्हर्नरला अफाट अधिकार दिले होते. पाच हजार स्वतंत्र प्रौढ पुरुष झाले, की विधानसभा येणार आणि साठ हजार लोकसंख्या झाली की राज्याचा दर्जा मिळणार अशी चढती पायरी त्यात होती. तरी विधानसभेच्या प्रत्येक विधेयकावर गव्हर्नरचा नकाराधिकार अंतिम होता. १७९९ मध्ये पहिली विधानसभा भरली आणि त्या अधिवेशनात त्याने अकरा विधेयके अडवली. त्यातली बरीचशी नवे परगणे पाडण्याची होती. परगणे पाडण्याचा अधिकार फक्त आपला आहे, असे तो म्हणे. त्याच विधानसभेने काँग्रेससाठी प्रतिनिधी निवडला तेव्हा त्याच्या मुलाचा विल्यम हेन्री हॅरिसनकडून अकरा विरुद्ध दहा मतांनी पराभव झाला. हाच हॅरिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

सेंट क्लेअर फेडरलिस्ट, म्हणजे बळकट केंद्र सरकार मानणाऱ्या पक्षाचा, होता आणि नवे वसाहतवाले बहुतांशी जेफरसनच्या पक्षाचे. प्रदेशाचे तुकडे असे पाडावेत की कोणताच तुकडा लवकर राज्य होऊ नये, ही त्याची खटपट होती. चिलिकोथी गावचे पुढारी वर्दिंग्टन आणि बाल्डविन त्याच्याविरुद्ध सरळ वॉशिंग्टन शहरापर्यंत गेले. नोव्हेंबर १८०२ मध्ये घटना परिषद भरली तेव्हा त्याने तेथे भाषण करून काँग्रेसचा राज्यनिर्मितीचा कायदाच बेकायदा ठरवला. राज्य स्थापण्याच्या ठरावाला परिषदेत फक्त एका सदस्याने विरोध केला, यावरून त्याच्यामागे किती लोक उरले होते हे कळते. जेफरसनने त्याला तत्काळ काढले. ते पत्रही परराष्ट्रमंत्री मॅडिसनने त्याच्या विरोधकाच्या, म्हणजे प्रदेशाचा सचिव चार्ल्स बर्ड याच्या, हातून पोहोचवले.

कॉनलीला तुरुंगात टाकणारा न्यायदंडाधिकारी येथे पुन्हा दिसतो. फरक इतकाच, की आता समोर लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते.

अरण्यवाट

चावडीवाचक यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने वायव्य प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती. सेंट क्लेअरने त्याचा अर्थ असा लावला, की बंदी पुढे आणल्या जाणाऱ्यांना लागू आहे, तेथे आधीपासून असलेल्या गुलामांना नाही. इलिनॉय भागातील फ्रेंच वसाहतवाल्यांची समजूत काढण्यासाठी हे झाले असेल, पण त्याची किंमत कित्येक माणसांनी आयुष्यभर मोजली. नव्या परगण्यांच्या बाबतीत अक्षराला चिकटणारा माणूस येथे मात्र अक्षर सैल करतो, हे मला फार खटकते.

मृगनक्षत्र

ही टीका मान्य केलीच पाहिजे. फक्त त्याने पदावरून पैसा केला नाही, हेही नोंदवावे असे वाटते. सरकारी कामासाठी त्याने स्वतःची पत वापरून उसनवारी केली होती. जुने दावे काँग्रेसने वेळेवर मान्य केले नाहीत आणि धनको मागे लागले. १८१० च्या सुमारास त्याची लिगोनिअरची मालमत्ता लिलावात गेली. पश्चिम पेनसिल्व्हेनियातला एके काळचा सर्वात मोठा जमीनमालक म्हातारपणी चेस्टनट रिजवरच्या लाकडी घरात राहत होता. १८१२ मध्ये त्याने १७९१ च्या मोहिमेची आपली बाजू पुस्तकरूपाने छापली, म्हणजे एकवीस वर्षांनीही तो प्रश्न त्याच्यासाठी मिटला नव्हता. काँग्रेसने शेवटी दरमहा साठ डॉलरचे निवृत्तिवेतन दिले ते अगदी अखेरीस. ३१ ऑगस्ट १८१८ रोजी ग्रीन्सबर्गजवळ तो वारला.

दप्तरदार

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझे मत अधिक नेमके झाले आहे. वाबाशच्या बाबतीत मी अजूनही युद्धखात्याकडे आणि कंत्राटदारांकडे मोठा दोष देतो, मात्र आडोसा उद्यावर ढकलण्याचा निर्णय सेंट क्लेअरचा होता, ही खंडेराय यांची बाजू मी त्यात जोडतो. गव्हर्नरपदाबाबत माझा प्रश्न वॉशिंग्टनने त्याला ठेवावे का असा होता. १७९२ मध्ये ठेवणे मला समजू शकते, कारण चौकशीने दोष दिला नव्हता आणि त्याला काढले असते, तर नॉक्सला वाचवण्यासाठी त्याचा बळी दिला असे झाले असते. पण १७९४ मध्ये जनरल वेनने याच जमातींविरुद्ध फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली, १७९५ मध्ये ग्रीनव्हिलचा तह झाला आणि वसाहतवाल्यांचा ओघ सुरू झाला. त्यानंतर तेथे मुलूख सांभाळणाऱ्या सैनिकाची गरज उरली नव्हती. लोकांचे ऐकून घेणारा माणूस हवा होता आणि बदल त्या वेळी व्हायला हवा होता.

कलमकायदा

दप्तरदार, १७९५ नंतरचा तुमचा निष्कर्ष मला पटतो आणि त्याला ओहायोच्या घटनेचाच आधार आहे. १ मार्च १८०३ पासून नवे राज्य सुरू झाले तेव्हा घटनाकारांनी आपल्या गव्हर्नरला नकाराधिकार दिलाच नाही, नेमणुकांचे बहुतेक अधिकारही विधानसभेकडे ठेवले. तो नकाराधिकार ओहायोच्या गव्हर्नरला मिळाला १९०३ मध्ये, घटनादुरुस्तीने. एका माणसाच्या कारभाराचा धसका एका राज्याने शंभर वर्षे घेतला होता. चावडीवाचक, त्या अकरा विधेयकांचा तपशील तुमच्याकडे असेल तर येथे जरूर द्यावा. परगण्यांखेरीज त्यात आणखी काय होते, हे मला पाहायचे आहे.